उघडं लोखंड

भंगारवाल्याचा ट्रक फाटकाशी येऊन थांबला तेव्हा ताईचं डोकं बॉनेटखाली होतं. ट्रकचा आवाज ऐकूनही तिने ते बाहेर काढलं नाही.

"आला बघ तो," धाकटा भाऊ पायरीवरून म्हणाला.

"येऊ दे की. चहा विचार त्याला."

आज दुपारच्या जेवणाआधी गाडी चालू झाली तर राहील, नाही तर भंगारात जाईल, असं बहीणभावात ठरलं होतं. म्हणजे भावाने डिवचलं आणि ताईने रागाच्या भरात शब्द दिला. दिलेला शब्द फिरवणं या घराण्यात कुणाला जमलेलं नव्हतं, आणि त्यापायी सगळ्यांनीच हात पोळून घेतले होते.

गाडी वडिलांची, ताईपेक्षा थोडीच लहान. याच गाडीवर ताईने अर्ध्या शहरातल्या बायकांना क्लच सोडायला शिकवलं. भावालाही तिनेच शिकवलं, आणि फाटकाचा डावा खांब अजून त्याची साक्ष देत होता. आता ताई निवृत्त झाली, आणि भावाला गाडीच्या जागी एक खोली काढायची होती. ते एक वेळ तिने ऐकून घेतलं असतं. पण तो म्हणाला होता, "या वयात तुला गाडी कशाला? जायचं असेल तिथे मी सोडत जाईन ना." सोडत जाईन! हा वेळ काढणार, मग ही जाणार. त्या एका वाक्याने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि अजून उतरली नव्हती.

सुट्टीत दोघांनी मिळून गाडी घरीच रंगवली, तेव्हापासून ती बसली होती. किल्ली फिरवली की एकदा 'टक' व्हायचं आणि दिवे मालवायचे. मेकॅनिकने आधी बॅटरी बदलली, मग स्टार्टर बदलला, बरेच दिवस साप साप म्हणून भुई धोपटली आणि शेवटी हात टेकले.

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" भाऊ म्हणाला. "जुनी झाली गं ती."

"आडात आहे की नाही ते बघू. ये, बस आत. मी सांगेन तेव्हा किल्ली फिरव."

भाऊ कुरकुरत स्टिअरिंगपुढे बसला. ताईकडे इंडिकेटरचा एक बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन वायरी होत्या. तिने दोन्ही टोकं बॅटरीच्या दोन खुंट्यांना लावली. "फिरव." आतून 'टक' आलं, गाडीचे दिवे गेले, पण तिच्या हातातला बल्ब होता तसाच जळत राहिला. मग एक टोक बॅटरीच्या प्लस खुंटीवरच ठेवून दुसरं तिने इंजिनाच्या लोखंडाला टेकवलं. बल्ब पेटला. "फिरव." बल्ब विझला.

ताई तशीच वाकून उभी राहिली. बॅटरीतला करंट स्टार्टरपर्यंत जातो आणि गाडीच्या लोखंडातून बॅटरीकडे परत येतो. परत यायला बॅटरीपासून बॉडीपर्यंत एक विणलेली पट्टी असते, बोल्टने आवळलेली. तिने त्या बोल्टला बोट लावलं आणि चटका बसून मागे घेतलं.

"आड तुडुंब आहे," ती म्हणाली. "पोहऱ्याची दोरी तुटलीय."

तिने पाना लावून बोल्ट काढला. पट्टीखालची जागा गुळगुळीत, हिरवीगार होती. दोन हात रंग, करंट अडवणारा, आणि तोही ताईच्या हातचा.

काखेत कळसा म्हणतात तो हा. वडिलांचं सगळं आयुष्य पूल रंगवण्यात गेलं. उघडं लोखंड म्हणजे गंजाला आवतण, हा त्यांचा घरातला कायदा. या घरात खिडक्यांचे गज रंगवलेले, बिजागऱ्या रंगवलेल्या, बादलीचं बूडसुद्धा रंगवलेलं. गाडीचा एकेक बोल्ट काढून खालची जागा रंगवायची अक्कल दुसऱ्या कुणाला सुचली नसती. ताईला हसू आलं, आणि स्वतःचा रागही आला.

तिने पॉलिश पेपर घेतला आणि घासायला लागली.

"अगं, रंग कशाला खरवडतेस?" भाऊ धावत बाहेर आला. "नवाकोरा रंग आहे. बाबा असते तर..."

"बाबा असते तर ओरडले असते. मी तरीही खरवडलाच असता."

"गंजेल ना तिथे."

"गंजू दे. झाकून ठेवलं म्हणूनच बंद पडलंय."

हिरवा गेला, त्याखालचा अस्तराचा लाल हात गेला, आणि रुपयाएवढं पांढरं लखलखीत लोखंड वर आलं. या घरात तिने असं लोखंड पहिल्यांदाच पाहिलं. तिला ते फार आवडलं. पट्टी त्यावर ठेवून तिने बोल्ट दात ओठ खाऊन आवळला, भावाला बाजूला सारून स्वतः बसली आणि किल्ली फिरवली.

गाडी एकदा खोकली, दुसऱ्यांदा खोकली आणि धडधडायला लागली. ट्रकवाला चहाचा कप घेऊन बघत राहिला. ताईचे डोळे भरून आले होते, पण पुसायला तिने हात स्टिअरिंगवरून काढला नाही.

भाऊ खिडकीशी आला. हरला होता, पण रडीचा डाव खेळणारा नव्हता. "बरं बाई, जिंकलीस. राहू दे गाडी. कर बंद आता."

"बंद करायला चालू केली नाही."

"मग निघालीस कुठे?"

"ते फाटकाबाहेर पडल्यावर ठरवीन."

"थांब, येतो मी बरोबर."

"नको," ताई म्हणाली. "तू फाटक उघड."

भाऊ गेला आणि त्याने फाटकाची दोन्ही दारं उघडली. ट्रकवाला घाईघाईने ट्रक मागे घेऊ लागला आणि थेट डाव्या खांबाकडे निघाला. ताईने खिडकीतून मान बाहेर काढली.

"आरशात बघा," ती म्हणाली, आणि त्याच्या शेजारून गाडी रस्त्यावर काढली.