भुलीआधीचा सवाल

परभणीच्या दवाखान्यात मनकर्णाच्या पोटातली गाठ काढायची होती. आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिच्या नवऱ्याला, दिनकररावांना, बाहेर बसवलं. सोबतीला आलेली मोठी जाऊ चतुराबाई तेवढी खाटेजवळ राहिली.

"भूल द्यायच्या आधी मला सगळं खरं कळलं पाहिजे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कधी अंग बधिर झालं होतं? नजर अंधारली होती?"

मनकर्णा घुटमळली. सासरी कुणाला कळू नये म्हणून तिनं हेच तर लपवलं होतं. मागं एक डोळा महिनाभर धुरकटला आणि आपोआप निवळला. पुढं तापात पाय लाकडासारखे झाले, तर काटा मोडल्याचं खोटंच सांगून ती लंगडत कामं करत राहिली.

तिनं जावेकडं पाहिलं.

"सांग की गं," चतुराबाईनं तिचा हात धरला. "पोखर्णीच्या नरसिंहाची आण, माझ्या तोंडून भाईर जायचं न्हाई."

मनकर्णानं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी तळव्याला टाचणी टोचून पाहिली, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली.

"बरं झालं बोललीस. कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर करणार होते. हा मज्जातंतूंचा आजार दिसतो, त्यात त्या सुईची जोखीम नको. ईथर हुंगवून झोपवते. नंतर मात्र ताप चढू द्यायचा नाही, तापानं हे उसळतं."

ऑपरेशन नीट पार पडलं. चतुराबाईनं दोन दिवस तिच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या. सख्ख्या बहिणीनं केलं नसतं एवढं केलं, आणि घरचं बघायला म्हणून पेडगावला परतली.

टाके निघाल्यावर मनकर्णाला न्यायला दिनकरराव आले नाहीत. सालगडी आश्रुबा गाडी घेऊन आला. वाटेत तो मान खाली घालून म्हणाला, "वैनी, मालकाचं दुसरं जमलंय. चतुराबाईच्या धाकट्या बहिणीला कुंकू लावलं."

घरी पोचताच मनकर्णा थेट चुलीपाशी गेली. "अक्का, तुमी आण घेतली होती."

चतुराबाई लाकूड आत सारत राहिली. "उद्या तू आंथरुणाला खिळलीस तर घर कुणी वढावं? माझी बहीण तुला बी सांभाळंल."

ओसरीवरून दिनकरराव म्हणाले, "परक्या डॉक्टरणीला सांगितलंस. मला सांगावं वाटलं न्हाई?"

"तिनं इचारलं. मी काटा मोडला म्हणलं तवा तुमी तर पाय बी बघितला न्हाई."

दिनकरराव उठून बाहेर गेले.

सकाळी तिनं आश्रुबाला गाडी जुंपायला सांगितली आणि माहेरी वालूरला गेली. भाऊ बन्सीधर दारातच होता.

"काय गं, एकलीच? काय झालं?"

"गाठ काढली," ती म्हणाली. बाकी काही तिनं त्यालाही सांगितलं नाही.