सोलकढीचा गारवा

मी एक जुनी दाढ आहे, मित्रांनो. कट्टा गावच्या नर्मदाबाईंच्या खालच्या जबड्यात, डाव्या बाजूला माझं बिऱ्हाड. त्या शाळेत असताना मी हिरडीतून वर आले आणि त्याच वर्षी जत्रेतला आलं-गुळाचा कडक खाजा फोडला. तेव्हापासून खाजा माझ्याच वाट्याला यायचा. भाजलेला सुका बांगडा, उकड्या तांदळाचा भात, वर सोलकढीचा गार घोट. ते दिवस आठवले की अजून जीव कासावीस होतो.

पुढे मला कीड लागली. ती माझ्या आतल्या नसेपर्यंत पोचली तशी मी ठणकू लागले. दाढेला दुसरी भाषा कुठे येते? नर्मदाबाईंनी घरचाच उपाय केला. काजूच्या बिया फोडताना त्यांच्या सालीतून निघणारं तेल कापसावर घेऊन माझ्या भोकात कोंबलं. हिरडी भाजली, तोंड आलं, पण हळूहळू ठणका थांबला.

"बरी झाली गो माझी दाढ," त्या शेजारच्या सुभद्रेला सांगत सुटल्या. मी कसली बरी होते? माझी नस मेली होती.

पावसाळा सरता सरता मुळाशी पू साचला, गाल टम्म फुगला. यजमान भिकाजी त्यांना दातांच्या डॉक्टर शर्मिला यांच्याकडे घेऊन गेले.

"काडून टाका ही दाढ. माका नको," नर्मदाबाई म्हणाल्या. एवढ्या वर्षांची सोबत, आणि हे बोलणं. मला फार लागलं.

शर्मिला म्हणाल्या, "मावशी, नस मेली म्हणून दुखायचं थांबलं होतं. आत घाण तशीच राहिली, तिचा पू झालाय. मुळांच्या नळ्या साफ करून भरल्या की दाढ वाचेल. यालाच रूट कॅनाल म्हणतात. काढली तर शेजारच्या दाढा कलतील."

भिकाजी हळूच म्हणाले, "मगे जत्रेतला खाजा खंयच्या दाढेन फोडतलंस?"

सुजल्या गालाने हसत नर्मदाबाईंनी तोंड उघडलं.

काही खेपांत माझं आतलं सगळं खरवडून निघालं. नळ्या भरल्या, वर टोपी बसली. जत्रेला भिकाजींनी खाजा आणला आणि तो मीच फोडला. मग सोलकढीचा घोट माझ्यावरून गेला. मला काहीच कळलं नाही.

मित्रांनो, दाढ ठणकते तेव्हा ती तुम्हाला हाक मारत असते. भलतंसलतं कोंबून तिला गप्प करू नका, डॉक्टरांकडे न्या. आपणहून गप्प झाली तर आणखी लवकर न्या. मी टिकले, काम करते, यात आनंद आहे. तरी जेवण संपताना सोलकढीची वाटी ओठाला लागली की मी अजून त्या गारव्याची वाट बघते.