मानसीचा तोल

"हात सोड, डोळे मीट आणि अजिबात हलू नकोस," डॉक्टरबाई म्हणाल्या. स्नेहल शाळेच्या खोलीत मांडलेल्या त्या काळ्या फळीवर उभी राहिली, आणि फळीला जोडलेल्या लॅपटॉपवरची रेघ गांडुळासारखी वळवळायला लागली.

सुरेखाने ओठ आवळले. पंधरा दिवस स्नेहलला, आपल्या लेकीला, घरात एका पायावर उभी करून सराव करून घेतला, काय उपयोग झाला? दारू पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या घरांतली पोरं तोल सांभाळायला उशिरा शिकतात का, हे तपासायला डॉक्टरबाई महाडहून पोलादपूरकडच्या या वाडीवर आल्या होत्या. 'ही परीक्षा नाही, एका रेघेवरून काही ठरत नसतं,' असं त्यांनी दहादा सांगितलं. पण बायांनी मनाशी धरलं ते भलतंच: पोर हललं की बापाचं पिणं त्याच्यात उतरलं. आणि सुरेखाचा नवरा सुनील पितो, हे तर अख्ख्या वाडीला ठाऊक.

आता मानसीची पाळी. सुरेखाच्या धाकट्या जावेची, अनुपमाची ही लेक. सासरा दारूपायीच गेला. त्याच्या दोन लेकांपैकी थोरला सुनील बापाच्या वळणावर गेला, आणि मुंबईला कामाला असलेला दीपक म्हणे थेंबाला शिवत नाही! एकाच घरात पडलेल्या दोघी, पण वाट्याला काय आलं बघा. दीपक सुट्टीला पिशव्या भरून आला की सुरेखाचा जीव जळायचा. अगदी जळायचा.

मानसी डोळे मिटून उभी राहिली. रेघ जागची हलेना.

"वा! छान," डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्या 'छान'ने सुरेखाचं डोकंच फिरलं. मांडीवरचा स्टीलचा डबा तिने फरशीवर सोडून दिला. खण्णकन आवाज झाला. मानसी दचकली, डुलली आणि फळीवरून खाली आली.

"अगो बाय, निसटला!" सुरेखा म्हणाली. मेलं, बरं वाटलं तिला.

"असू दे, पुन्हा घेऊ," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"नको बाई. दिसलं ते दिसलं." अनुपमाने मानसीचा हात धरला आणि तडक बाहेर व्हरांड्यात गेली. सुरेखा डबा उचलून मागोमाग आली. अनुपमा भिंतीला टेकली होती, तोंड पांढरंफटक.

"मला वाटलंच होतं, जाऊबाई. हे पितात. मुंबईला, खोलीवर, रोज."

"कोण, दीपक भाऊजी?"

"चार वर्षं झाली. कुणाला सांगू? तुमचं सगळ्यांना ठाऊक हाय, तुमाला रडता तरी येतं." तिने लेकीला जवळ ओढलं. "आता हिच्यात पण उतरलं."

सुरेखाने हातातल्या डब्याकडे बघितलं. आत पुढच्या मुलीचं नाव पुकारलं गेलं. गप्प राहिलं असतं तर कुणालाच कळलं नसतं.

"तिला परत उभी कर गो," ती म्हणाली. "डबा निसटला नाय. मी टाकला."

अनुपमा तिच्याकडे बघतच राहिली. "कशाला?"

"ती हलत नव्हती, म्हणून."