साबणमावशी

"हात दाखव."

"आत्ताच तर दाखवले, मावशी!"

"ते तळवे झाले. मागची बाजू कोण दाखवणार, तुझी आजी? आणि ही नखं वाढवून कुठं विहीर खणायला निघालीस?"

रांगेत हशा पिकला. मुलीनं जीभ चावली आणि हात पालथे करून पुन्हा पुढे धरले. मावशींनी जाळीच्या पिशवीतला साबण तिच्या बोटांवर टेकवला, तांब्यातून बारीक धार सोडली आणि फेस पार मनगटापर्यंत चढलेला पाहूनच तिला आत सोडलं.

शिक्षिका होऊ पाहणाऱ्या मुलींचं ते वसतिगृह. जेवणघराच्या दारात एक स्टूल, एक बादली आणि मावशी. या दाराला मुली 'नाका' म्हणत आणि मावशींना 'साबणमावशी'. त्यांच्या तोंडावरसुद्धा म्हणत, आणि मावशी ओ देत.

आज नाक्यावरचा शेवटचा दिवस होता. शेजारच्या भिंतीला नव्या नळांची रांग लागली होती. उद्यापासून ज्यानं त्यानं आपापले हात धुवायचे होते. मावशींचा गुडघाही आता उभं राहण्याचं नाव काढलं की कुरकुरायचा. संध्याकाळी भाची न्यायला येणार होती.

"मावशी, तुम्ही पहिल्यापासून इथंच उभ्या आहात का हो?" पुढच्या मुलीनं विचारलं.

"मग काय! आधी मला उभं केलं आणि मग माझ्याभोवती इमारत बांधली," मावशी म्हणाल्या. मुली हसल्या. मावशी मात्र हसता हसता दाराच्या आत, पलीकडच्या स्वयंपाकघराकडे पाहत राहिल्या. तिथल्या मोठ्या चुली केव्हाच गेल्या होत्या; गॅस आला होता. पण चुलीवरचा धुरकट डाग भिंतीवर अजून होता, कितीही रंग दिला तरी वर येणारा.

त्या डागाखाली एके काळी मावशींचं राज्य होतं. रांगेतल्या एकीलाही हे ठाऊक नव्हतं.

मावशींच्या हाताला चव होती. साधा भात करायच्या, तोही मुली नुसता खायच्या. तांदूळ धुताना ओठांत देवाचं नाव चालायचं. त्याशिवाय पातेलं चुलीवर चढायचं नाही. आणि रविवारी काकडी. बारीक चोचवायची, मीठ लावून पिळायची, वर घट्ट दही, आणि मग मोठ्या परातीत कोपरापर्यंत बाह्या सारून हातानं कालवायची. कुणी डाव पुढे केला की मावशी म्हणत, "चमच्यानं काकडी रुसते बाई. तिला हातच लागतो."

सगळ्यांत आधी परातीपाशी बसायची ती 'रेडिओ'. तिचं खरं नाव हजेरीपुरतंच होतं. सकाळी डोळे उघडल्यापासून जी सुरू व्हायची ती झोपेतही बडबडायची. "मीठ बरोबर आहे की नाही ते मी सांगणार," असं म्हणून ती तळहात पुढे करायची, आणि मावशी त्यावर एक घास ठेवायच्या.

मग त्या वर्षी ताप आला. एक मुलगी पडली, मग दुसरी, मग एका खोलीतल्या सगळ्या. सुरुवातीला म्हणाले हवा बदलली. मग टाकी उपसून घासली. मग रेडिओ पडली. ती गप्प झाली, तेव्हा हा साधा ताप नाही हे सगळ्यांनाच कळलं. टायफॉइड, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि तिला दवाखान्यात हलवलं.

मावशींना वाटलं, दूध. दुसऱ्या दिवशी दूधवाला दारात येताच त्यांनी पदर खोचला.

"दुधात पाणी घालतोस की पाण्यात दूध, एवढं एकदा सांगून टाक! लेकरं तापानं फणफणली आहेत माझी."

दूधवाला बिचारा किटली तशीच हातात धरून उभा. "मावशी, पाणी घालतो, खोटं कशाला बोलू? पण दूध तर तुम्ही उकळता ना? उतू जाईपर्यंत उकळता. मग माझं पाप त्यात जिवंत कसं राहील?"

मावशींनी वळून पाहिलं. मागे डॉक्टरीणबाई स्वयंपाकघर बघायला येऊन उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि शांतपणे विचारलं, "बरोबर बोलतोय तो. मावशी, न शिजवलेलं काय देता मुलींना?"

"रविवारची काकडी," मावशी अभिमानानं म्हणाल्या, आणि आपले दोन्ही हात पुढे केले. "ह्या हातांनी कालवते."

पुढच्या तपासण्यांची त्यांना फार लाज वाटली. तपासून झाल्यावर वसतिगृहाच्या रेक्टरबाईंच्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं. मावशी त्या खोलीत त्याआधी कधी बसल्या नव्हत्या.

"तुम्हाला असा ताप कधी आला होता?"

"लहान होते तेव्हा. सगळं घर आडवं झालं होतं. मी उठले. धाकटा भाऊ उठला नाही."

"ताप गेला, पण त्याचे जंतू तुमच्या पोटात राहिले. पित्ताच्या पिशवीत. बिनभाड्याचा भाडेकरू समजा. घरमालकाला तो त्रास देत नाही. पण शौचाहून आल्यावर बोटांना लागतो, नखात बसतो, तिथून परातीत जातो."

"पण मला साधी शिंक येत नाही हो. आणि हात धुते मी! खळखळून धुते, पाण्यानं."

"पाण्यानं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "साबणाशिवाय."

मावशींनी कमरेची स्वयंपाकघराची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "मी जाते. पोरींना काय तोंड दाखवू?"

रेक्टरबाई कडक होत्या. मुली त्यांच्या चपलांच्या आवाजानंही पुस्तकात डोकं घालत. त्यांनी किल्ली उचलली आणि म्हणाल्या, "जाणार कुठं? हा आजार कुठल्या वाटेनं जातो, हे आता तुमच्याइतकं कुणाला कळलंय? त्याच वाटेवर उभ्या राहा. जेवणघराच्या दारात, साबण घेऊन."

स्वयंपाकघर सोडण्याआधी मावशी दूधवाल्याची वाट पाहत थांबल्या. "चुकलं रे माझं," एवढंच म्हणाल्या. त्याला सगळी हकीकत कळली होती. त्यानं माप भरून वर थोडं जास्त ओतलं. "उद्यापासून पाणी कमी घालतो, मावशी. तुम्ही मन लहान करू नका."

दारातले पहिले दिवस जड गेले. काही मुली अंग चोरून आत जायच्या. एकीनं तर 'माझे मी धुते' म्हणून तांब्याच हिसकावून घेतला. मावशी खाली मान घालून साबण धरायच्या.

मग एके दिवशी दवाखान्यातून रेडिओ परत आली. डोक्यावरचे केस गेले होते, गाल आत गेले होते. ती रांगेत पुढे आली तशा मुली बाजूला सरल्या. मावशींनी तांब्या खाली ठेवला.

"पोरी, माझ्यामुळे..."

"मावशी, या बाजूनं बोला," रेडिओनं मान वळवून दुसरा कान पुढे केला. "तापात त्या कानाचं स्टेशन बंद पडलंय. आणि पाणी घाला आधी, भूक लागलीय मला."

रांग हसली. मावशी रडल्या. पण धार काही चुकली नाही.

गोळ्यांचा लांबलचक कोर्स झाला, तपासण्या पुन्हा पुन्हा झाल्या, आणि अखेर भाडेकरू निघून गेल्याचं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. रेक्टरबाईंनी किल्ली पुढे केली. मावशींनी आपल्या हातांकडे पाहिलं. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "देवानं माफ केलं असेल. मला या हातांचा भरवसा नाही."

तेव्हापासून त्यांनी स्वतःपुरतंच रांधलं. भाचीच्या लेकरांना साधं बिस्किट द्यायचं तरी बशीत ठेवून बशी पुढे सरकवायच्या. रोज पहाटे देवापुढे बसल्या की मागणं एकच: या हातांनी कुणाचं वाईट होऊ देऊ नकोस. वसतिगृहात तो ताप पुन्हा आला नाही. मुली आल्या, शिकल्या, गेल्या. पण मावशींच्या हातचा घास त्यानंतर कुणी खाल्ला नाही, आणि आता निघायची वेळ आली होती.

"अजून तीच जाळीची पिशवी? बदला की आता!"

मावशींनी दचकून वर पाहिलं. रांगेच्या शेवटी पांढऱ्या केसांची एक बाई उभी होती. एका हातात मोठं भांडं, वर झाकण.

"रेडिओ!"

"मुख्याध्यापिका म्हणा. पोरी बघताहेत," ती मोठ्यानं म्हणाली, आणि मग मावशींच्या गळ्यात पडली. "माझ्या शाळेत प्रत्येक वर्गाच्या दारात एक साबणमावशी आहे. तुमची लागण झालीय आम्हाला. जाऊ तिथं पसरवतो."

तिनं भांडं स्टुलावर ठेवून झाकण काढलं. बारीक चोचवलेली काकडी. वर दही, न ढवळलेलं.

"कालवा."

मावशी मागे सरल्या. "चमचा आण हं कुणीतरी."

"काकडी रुसते."

"नको गं. माझ्यानं नाही व्हायचं."

रेडिओनं हळूच मान फिरवली आणि बंद पडलेला कान पुढे केला. "काय म्हणालात? या बाजूला काही ऐकू येत नाही."

मग तिनं तांब्या उचलला. "हात दाखवा."

रांग थांबली. सांगणारीवरच आज ऐकून घ्यायची पाळी आली होती, ते मुलींना कळलं. मावशींनी सावकाश हात पुढे केले. रेडिओनं साबण टेकवला, धार सोडली. मावशींनी तळवे चोळले, बोटांच्या बेचक्या चोळल्या, नखं तळहातावर घासली.

"मागची बाजू कोण दाखवणार, तुमची आजी?" रांगेतून एक आवाज आला, आणि मुली खो खो हसल्या.

मावशींनी हात पालथे केले. पुन्हा साबण मागितला. पुन्हा धुतले. रेडिओ ओतत राहिली. पुरे म्हणाली नाही.

हात भांड्यात गेला तेव्हा दही गार लागलं. मावशी आपल्या बोटांकडे टक लावून पाहत होत्या, दुसऱ्या कुणाची असावीत तशी. बोटं चाचपडली, मग हळूहळू त्यांना वाट आठवली. रेडिओनं तळहात पुढे केला. मावशींनी त्यावर एक घास ठेवला.

रेडिओनं तो खाल्ला. डोळे मिटले, बराच वेळ चावत राहिली.

"मीठ विसरलात."

"अगं बाई! खरंच की काय?"

कुणीतरी धावत जाऊन मीठ आणलं. मावशींनी चिमूट टाकली, कालवलं, पुन्हा घास ठेवला.

"अजून थोडं."

"अजून? बघ हं, खारट होईल," असं म्हणत मावशींनी दुसरी चिमूट घेतली, आणि रेडिओच्या तोंडाकडे बघत, स्वतःच्या हाताकडे न बघताच, तो भांड्यात घातला.