ताईची पूड

शेडमध्ये शिरताना बाळ्या आधी शिट्टी मारतो. ब्रॉयलर कोंबड्या पाळणाऱ्यांची ही जुनी रीत. शिट्टी ऐकली की चार हजार पक्षी क्षणभर गप्प होतात, आणि तेवढ्यात कुणाची छाती घरघरतेय ते कळतं. बाळ्याचं वय बावन्न, पोट सुटलेलं, केस पिकलेले; पण ताईच्या लेखी तो बाळ्याच.

ताई, त्याची थोरली बहीण, तीस वर्षं इस्पितळात परिचारिका होती. कुठलंच औषध लागू पडेना म्हणून गेलेल्या माणसांवर तिने स्वतःच्या हातांनी चादर ओढली होती. निवृत्त होऊन भावाकडे आली आणि पाण्याच्या टाकीत रोज पडणारं अँटिबायोटिक पाहून भडकली.

"आजार नसताना औषध? अरे, तुला कुणी रोज सकाळी इंजेक्शन टोचलं तर चालेल का?"

मग लसूण, ओवा, हळद, दालचिनी वाळवून, दळून आणून तिने पूड तयार केली. खाद्यात किती घालायची ते वहीत लिहिलं. पिल्लांची एक खेप फक्त पुडीवर वाढवायची असं ठरलं. मांस तपासून घेणारा व्यापारीही तिनेच शोधला. बाळ्याने मान डोलावली खरी, पण पूर्वी रोगाने अख्खी शेड रिकामी झालेली त्याने पाहिली होती. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो.

तेहतिसाव्या दिवशी शिट्टीनंतर त्याला शिंका ऐकू आल्या. एकदोन नव्हे, सगळीकडून. ताईला सांगितलं तर ती म्हणणार, थांब, बघू. त्याला थांबवेना. कपाटामागचं अँटिबायोटिकचं जुनं पाकीट काढून त्याने टाकीत रिकामं केलं. तिची खेप वाचावी, एवढंच त्याला हवं होतं.

खेप वाचली. ताई वजनकाट्यापाशी उभी राहून प्रत्येक आकडा मोठ्याने वाचत होती. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याकडून तपासणीचा कागद आला. मांसात औषधाचा अंश होता. माल नाकारला.

ताईने तो कागद दोनदा वाचला. "बाळ्या, हे तू केलंस?"

"शिंकत होते गं सगळे. मेले असते तर तुझंच हसं झालं असतं."

"म्हणजे माझ्या पुडीने काहीच झालं नाही."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने वही मिटून फळीवर ठेवली आणि पुन्हा शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. तीन महिन्यांनी झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं. बाळ्याला ते अजूनही पटत नाही.

महिन्याभराने नव्या खेपेसाठी त्याने वही काढली आणि लसूण, ओवा सगळं वाळवून गिरणीत नेलं.

"मागच्यासारखं मैद्यासारखं बारीक करू?" गिरणीवाल्याने विचारलं. "ताई भरडच न्यायच्या. शेवटचं पोतं तुम्ही आणलंत, तेव्हा बारीक सांगितलं होतंत."

बाळ्याने मागच्यासारखं बारीकच दळून आणलं. खाद्यात ओतताना पिवळी धूळ उडाली आणि तो स्वतःच शिंकला. मग शिट्टी मारली. शेडभर त्याच त्या शिंका. म्हणजे तेव्हाही रोग नव्हता, ही धूळच होती.

धूळ बसावी म्हणून त्या पोत्यावर थोडं तेल शिंपडलं. दुसऱ्या दिवशी एकही शिंक नव्हती. पुढची पूड भरड आणली. टाकीत पाण्याशिवाय काही घातलं नाही. खेपेच्या अडतिसाव्या दिवशी, विक्रीआधी, नमुन्याच्या तपासणीचा कागद आला: औषधाचा अंश नाही. मेलेले पक्षीही आजवरच्या कुठल्याही खेपेपेक्षा कमी.

कागद घेऊन तो शेडमध्ये गेला, शिट्टी मारली. चार हजार पक्षी गप्प झाले. कुठे घरघर नाही, शिंक नाही.

"ऐक गं ताई," तो म्हणाला, आणि त्याला रडू कोसळलं. पक्षी पुन्हा कलकलू लागले तरी तो दाराशी उभाच होता. तिने त्याच्याकडून फक्त थोडं थांबणं मागितलं असतं.