डावीकडून काही येत नाही

"मेलात," तनुजा म्हणाली. "पाचव्यांदा."

वैजनाथने हेडफोन काढून गळ्यात घेतला. लॅपटॉपचा पडदा काळा होता आणि काळाच राहणार होता, कारण लेकीच्या या गेममध्ये बघायचं काही नव्हतंच. नुसतं ऐकायचं. बंद पडलेल्या इमारतीत तुम्ही अडकलाय आणि कुणीतरी तुमच्या मागावर आहे. पावलं उजवीकडून आली की डावीकडे पळायचं, डावीकडून आली की उजवीकडे. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या तनुजाचा हा पहिलाच गेम. शुक्रवारी कॉलेजात दाखवायचा होता, आणि त्याआधी पाच जणांचे फीडबॅकचे फॉर्म हवे होते. चार मिळाले होते. त्यातल्या एकाने 'भीती कमी, कंटाळा जास्त' एवढंच लिहिलं होतं.

पाचवा बाप. रविवारची दुपार होती. सकाळी सदाशिव पेठेत मधेच अडकलेली लिफ्ट सोडवून तो आत्ताच कुठे जेवला होता. सव्वीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती करत होता. रविवार अखंड असा कधी मिळालाच नव्हता.

"खरं सांगा हं, बाबा. बरं वाटावं म्हणून नको."

"लिफ्टचा आवाज खोटा हाय."

"नेटवरून घेतलाय मी."

"म्हणूनच. लिफ्ट निघताना आधी ब्रेक सुटतो. टक्. मग जरा वेळ काहीच नाही. मग दोर ताणल्याचा आवाज. तू एकदम घर्र करून सोडतेस. ते मधलं 'काहीच नाही' घाल. माणूस तिथं घाबरतो."

तनुजा भराभर टाइप करू लागली. "हे भारी आहे. अजून?"

"अजून म्हणजे, डावीकडून काही येतच नाही. मरणार नाही तर काय?"

तिचा चेहरा उतरला. "म्हणजे सगळा साउंडच गंडलाय."

दोन दिवस ती त्या एका चुकीच्या मागे होती. शौनक नावाच्या वर्गमित्राला तिने फोनवर तीनदा तपासायला लावलं. "लेफ्ट ओके आहे, यार. तुझे बाबा ऐकतायत तरी का?" असं तो शेवटी म्हणाला, तेव्हा तिने फोन ठेवून दिला.

मंगळवारी संध्याकाळी वैजनाथ कामावरून आला. हातपाय धुवायच्या आतच तिने त्याला बसवलं.

"आता?"

"नाही."

तिने हेडफोन काढला आणि उलटा करून परत घातला. "आता?"

"आली की पावलं! पण उजवीकडून."

वैजनाथने हेडफोन स्वतः काढला, सुलटा घातला, पुन्हा उलटा घातला. कुठला भाग गेलाय हे कळत नसलं की तोही असेच भाग बदलून बघायचा. फार वेळ लागला नाही.

"तुझ्या गेममध्ये काही बिघाड नाही," तो म्हणाला.

त्याची बायको मैना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. "तीन वर्षं झाली," ती म्हणाली. "डाव्या बाजूनी हाक मारली की तुम्ही वळून बघत नव्हता. मला वाटायचं, मुद्दाम करताय. मीच बोलायचं कमी केलं."

त्याने तिच्याकडे पाहिलं. पण जेवताना त्याच्या डोक्यात मैना नव्हती, कामावरचा जोडीदार अभय होता.

मार्चमध्ये शनिवार पेठेतल्या एका इमारतीत वैजनाथ लिफ्टच्या टपावर बसून ग्रीस लावत होता. वरच्या मशीनरूममधून अभयने लिफ्ट चालू केली. वैजनाथने हात खेचला म्हणून वाचला. हातमोजा मात्र चक्कीत गेल्यासारखा फाटला. "न सांगता चालू करतोस?" म्हणून त्याने अभयला सोसायटीच्या लोकांसमोर झापलं होतं. "काका, दोनदा ओरडलो मी," असं अभय सांगत राहिला. दोन मुलांचा बाप असलेला माणूस, पण आवाज रडवेला झाला होता. वैजनाथने साहेबांकडे तक्रार केली आणि अभयला सामान वाहायच्या कामावर टाकलं गेलं.

त्याने फोन लावला. उजव्या कानाला.

"अभय, तू ओरडला होतास."

"हो, काका."

"मला ऐकू आलं नाही. डावा कान गेलाय माझा. आज कळलं."

"साहेबांना सांगणार का?"

"उद्या सकाळी."

"मग ठीक," अभय म्हणाला. माफ केलं असं काही तो म्हणाला नाही, आणि वैजनाथनेही विचारलं नाही.

साहेबांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला. अभयला परत लिफ्टच्या कामावर घेतो म्हणाले. मग म्हणाले, "तुमचा रिपोर्ट आणा. दोन्ही कान चालत असतील तर प्रश्नच नाही. नाहीतर ऑफिसात बसा, तक्रारींचे फोन घ्या."

शुक्रवारी तनुजा घरी आली ती बोलतच. ब्रेक सुटला, मग तो रिकामा क्षण आला, आणि एका मुलीने घाबरून हेडफोन काढून टेबलावर टाकला होता. "तुमचं 'काहीच नाही' चाललं, बाबा!" वैजनाथ हसला. तिने तपासणीचं विचारलं, तेव्हा "उद्या हाय" म्हणाला.

दवाखान्यातली खोली लिफ्टपेक्षा लहान होती. भिंतींना जाड फोम, समोर काच, काचेपलीकडे मशीनपाशी शेफाली नावाची तरुण ऑडिओलॉजिस्ट. तिने त्याच्या हातात बटण दिलं. "आवाज आला की दाबायचं, काका. अगदी बारीक आला तरी."

उजव्या कानाचं झालं. तिने काचेतून डाव्या कानाकडे बोट दाखवलं.

वैजनाथ वाट बघत राहिला. काचेतून तिचा हात दिसत होता. हात मशीनवर टेकला, उचलला. जरा थांबून परत टेकला. हात टेकला की आवाज सुटत असणार, हे त्याला तिसऱ्या खेपेला कळलं. सव्वीस वर्षं यंत्रांत घालवलेल्या माणसाला ते कळायला वेळ लागत नाही. हात टेकला की दाबायचं, बस. रिपोर्ट साफ. सोमवारी परत टपावर.

तिचा हात टेकला.

वैजनाथने खुर्ची थोडी फिरवली, काच दिसणार नाही इतकी, आणि फोमच्या भिंतीकडे तोंड करून, अंगठा बटणावर ठेवून बसून राहिला.