अर्ध्या जोडीचा हात

"सभेला गेलीस तर तंगडं मोडीन," नवरा म्हणाला खरा, पण बोलणं पुरं व्हायच्या आत त्याला खोकल्याची उबळ आली आणि तो भिंतीला धरून खाली बसला. तंगडं मोडायचं राहू दे, त्या माणसाला पंधरा दिवसांत पाण्याची कळशी उचलता आली नव्हती. वीटभट्टीच्या धुळीनं छाती पार भरली होती.

त्याच्या बायकोनं, लहानीनं, त्याची पाठ चोळली. पाठ कसली, नुसती हाडं.

"सरकारच्या यादीत नाव चढलं तर मोठ्या दवाखान्यात फुकट इलाज होतोय. यादी करायची का, त्यावर आज गावाचा ठराव आहे," ती म्हणाली.

"आणि मालकानं हाकललं तर? यादी झाली की भट्टीवर माणसं किती ते सरकारला कळणार. माणसामागं त्याला इलाजाच्या खर्चाचा वाटा भरायला लागणार. तो सोडेल होय आपल्याला?"

हे तिला काय ठाऊक नव्हतं? पण आज त्याच्या रुमालावर तांबडा डाग दिसला होता. ती गेली.

सभा शाळेच्या ओट्यावर भरली होती. मालक पहिल्याच खुर्चीवर पाय पसरून बसलेला. मुकादम दाराशी उभा राहून येणाऱ्या एकेकाचं तोंड बघून घेत होता. लहानी मान खाली घालून आत शिरली आणि आत्याबाईला खेटून बसली. आत्याबाई म्हणजे भट्टीवरची सगळ्यात जुनी विटा थापणारी, नात्यानं कोणाचीच आत्या नव्हे.

ग्रामपंचायतीच्या कारकुनानं ठराव वाचला. विरोधात हात वर करायला सांगितलं. गडी ठेवणारे शेतीवाले, दुकानदार, मालकाचे भाऊबंद धरून तीस हात झाले. मग ठरावाच्या बाजूचे मोजले. बावीस.

लहानीनं मान वळवून पाहिलं. वर होते ते सगळे पुरुषांचे हात. बायकांचे हात मांडीवरच. भट्टीवर नवराबायकोची मिळून एक जोडी, हजेरीला खूण एकच. नवऱ्यानं हात केला म्हणजे आपलाही झाला, असंच सगळ्या धरून बसल्या होत्या. आणि हिचा नवरा तर घरी खोकत पडलेला.

तिनं हात वर केला.

"तुझी जोडी कुठाय?" मुकादम दारातून म्हणाला. "अर्धी जोडी मोजत नसतात."

कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. "मुकादम, भट्टीवर काय मोजायचं ते मोजा. इथं माणसं मोजतात, बाया धरून."

हात खाली घ्यावा, पळून जावं, असं लहानीला हजारदा वाटलं.

"अगं बाई, म्हणजे माझा वेगळा धरतात होय?" आत्याबाई पुटपुटली आणि तिनंही हात वर केला. मागून तिसरा, चौथा. काहीजणी घाबरून तशाच बसल्या. तरी एकेचाळीस भरले.

ठराव झाला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

कारकुनानं तिला चिठ्ठी करून दिली. "उद्यापासून चालेल. दवाखान्याची गाडी सहाला फाट्यावर येते. उशीर करू नका, छातीचं दुखणं आहे."

ती ओट्यावरून उतरली तर समोर मालक. हसत होता.

"नवऱ्याला बरं नाही म्हणे. उद्या सहाला दोघं हजेरीला या. जोडी पुरी नसेल त्याची जागा गेली. बाकीच्यांनाही सांग."

तिनं चिठ्ठी पदराच्या गाठीला बांधली आणि ती घराकडे निघाली.

घरी तिनं सगळं सांगितलं. नवऱ्यानं चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली.

"जागा गेली तर खायचं काय?"

"ठाऊक नाही. मला भीती वाटतेय हो, लई वाटतेय. पण तुमचं रगत बघत बसायची त्याहून जास्त वाटतेय."

सकाळी ती त्याला खांद्याचा आधार देत फाट्यावर आली. कोणी बघू नये म्हणून पदर तोंडावर ओढला होता. फाट्यावर आधीच चार जोड्या उभ्या होत्या. प्रत्येकाच्या मुठीत चिठ्ठी. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. कडेच्या दगडावर आत्याबाई बसली होती, तिचा म्हातारा शेजारी धापा टाकत होता.

भट्टीवरून हजेरीची शिट्टी वाजली. सगळ्यांनी ऐकली. लहानीचे पाय आपोआप तिकडे वळायला बघत होते.

आत्याबाईनं सरकून लहानीच्या नवऱ्याला दगडावर बसायला जागा केली. लहानीनं त्याला बसवलं आणि ती गाडीच्या वाटेकडे तोंड करून उभी राहिली.